मीच लावलेला माणूस

६ नोव्हें., गुरुवार

हे सकाळीच गाणगापूरला गेले. आषाढापासून दर गुरुवारी. लिंगायत घर, गळ्यात इष्टलिंग, भिंतीवर बसवण्णा, लग्नाला वीस वर्षं झाली तरी कधी कुठल्या देवळाची पायरी चढलेले न्हाईत. आन आता एकदम दत्त. तुरीचा सीझन तोंडावर, आडत मुनीमावर टाकून दत्त.

मी पण पार्लर शबानावर सोपवून गुलबर्ग्याला गेले. सामान आणायचंय म्हणून सांगितलं. आधी पोरीच्या, पल्लूच्या होस्टेलवर चिवड्याचा डबा दिला, मग चौकशीवाल्याकडं. बस स्टँडच्या मागं, झेरॉक्सच्या दुकानावर खोली. 'सोयरीक चौकशी, खात्रीशीर काम' अशी पाटी. शबानाच्या मामेबहिणीच्या वेळी यानंच नवरदेवाची आधीची बायको शोधून काढलती, म्हणून विश्वास ठेवून यांच्या मागं लावलता. नाव सतीश. सोलापूरकडचा. बोलणं पुस्तकी, अंगाला अत्तर, शर्टाची इस्त्री मोडत न्हाई. इथनं पुढं नुसतं चौ. लिहिते.

चौ.नं दोन फोटू दिले. पहिल्यात हे आन एक बाई, लॉजच्या बोळात. बाई पाठमोरी, हिरवं लुगडं. यांचा हात तिच्या दंडाला. दुसऱ्यात हे तिच्या डोक्यावरचा पदर सारखा करायलेत.

माझा पदर यांनी कधी सारखा केलाय?

"रडू नका," चौ. म्हणाला. मी रडत नव्हते. म्हणलं, बास, एवढं पुरे, तुमचं काम झालं. तर हसला. "काम झालं की नाही ते मी ठरवतो, सुमनताई."

दुकानदाराचं बोलणं असंल म्हणून सोडून दिलं.

९ नोव्हें., रवि.

घरात काही बोलले न्हाई. फोटू पार्लरमधल्या फेशियलच्या खोक्याखाली ठेवलेत. भाकरी मुद्दाम करपवली. यांनी करपलेलीच खाल्ली, एक शब्द न्हाई. चुकलेला माणूसच असं गप खातो.

१३ नोव्हें., गुरु.

यांनी जाताना केळी घेतली आन एक नवा मऊ टॉवेल. मी कपाटाच्या आरशातून बघत होते. बाईसाठी टॉवेल.

दुपारी चौ.चा मेसेज. "अबोली रंग शोभतो तुम्हाला. रोज का नेसत नाही?"

अबोलीच नेसलेली मी. बाहेर बघितलं तर समोरच्या चहाच्या हॉटेलात, बाकड्यावर, पेपर उघडून. शबाना कात्री ठेवून म्हणली, "भाभी, ये आदमी कल बी था. परसूं बी बैठा था."

फोन लावला. त्यानं तिथनंच उचलला, माझ्याकडं बघत. म्हणलं, "कामून आलाव इथं? काम बंद म्हणून सांगितलं ना?"

"तुम्ही बंद केलंत. मी नाही."

नंबर ब्लॉक केला. दोरा खाली टाकला, गिऱ्हाईक खुर्चीत, एक भुवई झालेली, एक राहिलेली. शबानानं पुरी केली.

१७ नोव्हें., सोम.

दुसऱ्या नंबरवरून मेसेज. तो ब्लॉक केला तर तिसऱ्यावरून. घाण काही लिहीत न्हाई. लिहिलं असतं तर कुणाला दाखवता आलं असतं. "जेवलात का?" "आज डोळे ओढलेले दिसतात." "गुरुवार जवळ आला, जपा."

कुणाला दाखवू? यांना? म्हणजे आधी सांगायचं, मी तुमच्या मागं माणूस लावलाय. शेजाऱ्यांना? चुलत जाऊबाईंना? आळंद केवढंसं गाव हाय!

२३ नोव्हें., रवि.

उमरग्याहून आईचा फोन. खुशीत. "विम्याचा माणूस आलता गं. तुझ्या ओळखीचा म्हणला. काय गोड बोलतंय! चहा पिला, चुरमुऱ्याचा सुशीला खाल्ला. तू लहानपणी कशी होतीस, शाळेत काय करायचीस, सगळं विचारलं."

"विम्याला माझं लहानपण कशाला लागतंय आई?"

"आगं, तुझा सातवीतला फोटू पण नेला. मोठा करून आणून देतो म्हणला."

आईला ओरडले. ती रडायली. तिचं काय चुकलं? भला माणूस दिसला, घरात घेतला. मी तरी दुसरं काय केलं?

१ डिसें., सोम.

सकाळी पल्लूचा फोन. "मम्मी, सतीश अंकल होस्टेलच्या गेटवर भेटलते. तू त्यांना भाऊ मानतीस म्हणले. मला पेन दिला."

पल्लूला म्हणलं, त्याच्याशी बोलायचं न्हाई, त्याच्याबद्दल पप्पांपाशी तर अजिबात न्हाई. "कामून गं?" म्हणली. काय सांगू? न्हाई म्हणलं म्हणजे न्हाई.

तशीच बस धरून गुलबर्गा. चौ.च्या टेबलाच्या काचेखाली माझा फोटू. दोन वेण्या, लाल रिबीन, सातवीची मी. त्या फोटूवर चहाचा कप ठेवलेला.

म्हणलं, माझ्या पोरीच्या वाटंला गेलास तर चप्पल काढीन.

तो उठून खिडकी लावायला लागला, बाहेरचा आवाज येतो म्हणून. मग म्हणाला, "त्या घरात तुमच्याकडं कोणी बघत नाही. मी बघतो. तुम्ही कुठल्या हातानं केस बांधता ते तुमच्या मालकांना विचारा, सांगता येणार नाही. एवढं कोणी कोणासाठी करतं का?"

"मी मालकांना सांगते सगळं."

"सांगा. सुरुवात कुठून कराल?"

उठले. जिन्यात पाय सटकला, त्यानं मागून येऊन दंड धरला. झटकला. बसमध्ये सगळा रस्ता दंड पदरानं पुसत होते.

वाईट याचंच वाटायलंय की तो म्हणला ते खरं हाय. यांना सांगता येणार न्हाई, कुठल्या हातानं.

१९ डिसें., शुक्र., येळवस

येळ अमावस्या, पल्लू सुट्टीला आलीय. सगळे शेतात. कडब्याची कोपी, आत पाच दगडांच्या पांडवांना चुना, शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबीलीचं मडकं. तूर कंबरेच्या वर. पंधरा दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

पंगत बसली तशी यांची नजर रस्त्याकडं गेली. "ओ पाव्हणं! येळवस हाय, असंच जाऊ नका, या जेवून जावा!" हे दरवर्षी बोलावतात, दिसंल त्याला. बांधावरून माणूस खाली उतरला. इस्त्रीचा शर्ट.

पल्लू बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात मी तिचं कोपर धरलं. जोरात. पल्लू गप बसली. पण माझ्याकडं बघितलं. ती नजर मला आवडली न्हाई. माझ्या पोरीची नजर.

यांनी त्याला शेजारी बसवलं. "कुठलं गाव?"

"सोलापूरकडचा. इकडे जमीन बघायला आलो होतो."

"बघा की! काळी हाय, कसदार हाय. सुमे, वाढ ना पाव्हण्याला."

वाढलं. वाकून वाढलं. भज्जी, धपाटे, वर आंबीलीचं मडकं. चौ. खाली मान घालून म्हणाला, "हाताला चव आहे." आन हे हसले. म्हणले, "आमच्या मंडळींसारखी भज्जी आख्ख्या तालुक्यात न्हाई."

वीस वर्षांत हे पहिल्यांदा म्हणले. म्हणले ते त्याच्यापुढं.

जेवून हात जोडून गेला. हे म्हणाले, भला माणूस दिसतोय.

२८ डिसें., रवि.

यांचं काहीतरी बिनसलंय. परवापासून माझ्याशी बोलणं बंद. हाक न्हाई, जेवायला वाढलं तर ताट तसंच. कालपासून झोपायला आडतीवर जायलेत. तुरीची राखण म्हणे. राखणीला माणूस हाय की.

मीच विचारलं शेवटी. "गाणगापूरला कोण हाय?"

चेहरा पांढरा पडला. मग म्हणले, "तू तुझं बघ. मी माझं बघतो." आन गेले.

म्हणजे हाय. फोटू खरे. मला वाटलं होतं नाकारतील, खोटं का होईना नाकारतील.

पल्लू एक दिवस आधीच होस्टेलला गेली. जाताना पाया पडली न्हाई.

४ जाने., रवि.

चौ.चा मेसेज: "आता तुम्ही एकट्या आहात ना. घाबरू नका."

हे आडतीवर झोपायला जातात ते मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. शबानाला सुद्धा.

आजपासून पार्लरचं पुढचं दार बंद, गिऱ्हाईक मागनं. शबाना म्हणली, पोलिसांत जाऊ. म्हणलं, आधी गाणगापूरला जाते. त्या बाईचं तोंड बघते. मोडायचंच हाय तर बघून मोडू दे.

८ जाने., गुरु.

सगळं नीट लिहायचंय. हात चालतोय तोवर.

यांच्या आधीची गाडी धरली. फोटूतला बोळ सापडायला वेळ लागला न्हाई, भिंतीवर निळा रंग होता. लॉज चालवणारी म्हातारी, गंगक्का, तांदूळ निवडत बसलेली. विचारलं, आळंदचे शिवराज अण्णा येतात, ती बाई कुठं हाय?

"नीलाक्का? आत ओसरीवर हाय की. तुमी कोण?"

"तेच विचारायलेय, ती त्यांची कोण?"

गंगक्कानं माझ्याकडं असं बघितलं, मी येडी असल्यासारखं. "कोण म्हणजे? बहीण. थोरली बहीण. डोस्कं ठिकाणावर न्हाई बिचारीचं. भाऊ दर गुरुवारी येतो, न्हाऊ घालायला लावतो, जेवू घालतो, संगमावर फिरवून आणतो." मग म्हणली, "त्या अत्तरवाल्याला पण मी हेच सांगितलं. दिवाळीच्या आधीच. घडी घडी विचारत होता, बहीणच ना, सख्खीच ना. म्हणलं, आरं चेहरा बघ की."

दिवाळीच्या आधी. मला फोटू दिले दिवाळीनंतर. पाठमोरे फोटू. चेहरा बघितलेला त्यानं, आन मला पाठ दिली.

ओसरीवर गेले. हिरवं लुगडं. केस कापलेले. वळली, तर यांचंच नाक, यांचेच कान. माझी नणंद. लग्नात मला सांगितलं होतं, शिवराज एकुलता.

तिनं मला बघून घाबरायला पाहिजे होतं, घाबरली न्हाई. "बा, कूड," म्हणली, ये बस म्हणून. बसले. हातातलं अर्धं केळ माझ्या हातात दिलं. मग भिंतीशी बोलायला लागली.

तेवढ्यात हे आले. दारातच थांबले. मला वाटलं ओरडतील. हळू बोलले. "इथवर आलीस. त्याला पण आणलास का?"

"कुणाला?"

यांनी मोबाईल पुढं केला. फोटू. चौ.चा जिना, त्याचा हात माझ्या दंडाला, माझं तोंड त्याच्याकडं. जिन्यात क्यामेरा असणार त्याचा. दुसरा, माझा सातवीतला, खाली लिहिलेलं: "हा तिने स्वतः मला दिला. तुम्ही समजून घ्याल." येळवसनंतर आठवड्यात आलेत.

"येळवसला मी बोलावला त्याला," हे म्हणले. "माझ्या पंगतीला बसवला. तू वाढलंस. मी येड्यासारखं हसत होतो."

मग सगळं सांगितलं. दोन्ही फोटूंपासून, मेसेज, आई, पल्लूचा पेन, सगळं. नीलाक्का मधी मधी हसत होती, आमच्यावर न्हाई, भिंतीवर.

मला वाटलं, ऐकून यांना हलकं वाटंल. बायकोचं लफडं न्हाई म्हणून.

हे खाली बसले. "मला वाटलं तुझ्या मनात माणूस आला. मी म्हणलं, आपण काय सुख दिलं हिला, येणार माणूस. म्हणून गप बसलो. हे त्याच्यापेक्षा वंगाळ केलंस. माझ्या मागं माणूस लावलास. मला विचारलं न्हाईस."

"तुम्ही सांगितलं असतं?"

"न्हाई."

"बहीण हाय हे वीस वर्षं कामून लपवलं?"

"तुझ्या बापानं पोरगी दिली असती? घरात असं माणूस हाय कळल्यावर? तिला अक्कलकोटला मामाकडं ठेवली, आषाढात मामा वारला, मग इथं आणली. उद्या पल्लूचं बघायचं हाय. कोण देतंय पोरगा?"

बापानं दिली नसती. हे मला पण माहीत हाय, यांना पण.

बाहेर आलो तर चौ. पेढ्याच्या दुकानाशी उभा. माझ्या मागनंच आला असणार. हे सरळ गेले आन कॉलर धरली. यात्रेकरू जमले. चौ.नं हात पण उचलला न्हाई. सगळ्यांना ऐकू जाईल असं, तसल्याच पुस्तकी आवाजात म्हणाला, "मला मारून काय उपयोग? मला यांच्याच पत्नीनं नेमलंय. विचारा त्यांना."

सगळी माणसं माझ्याकडं.

"व्हय," म्हणलं. "मीच लावला."

यांनी कॉलर सोडली. चौ. शर्ट सारखा करून गर्दीतून निघून गेला. कुणी अडवलं न्हाई. मी पण न्हाई.

१२ जाने., सोम.

शबानाला घेऊन पोलीस स्टेशन. मॅडम तरुण होत्या, कन्नडात बोलायल्या, मराठी समजत होतं. सगळे मेसेज बघितले. "तुम्हीच कामाला लावलं होतं ना?" विचारलं. हे वाक्य आता मला जन्मभर ऐकायचंय. पण तक्रार लिहून घेतली. गुलबर्ग्याला माणूस पाठवला. खोलीला कुलूप, पाटी काढलेली. झेरॉक्सवाला म्हणे, भाडं आधीच चुकतं करून गेला, फार सज्जन होता.

मेसेज बंद झाले. आता ते बंद झाल्याची भीती वाटायलीय. आधी निदान कळायचं तरी, कुठनं बघायलाय.

१८ जाने., रवि.

पल्लूला फोनवर सांगितलं. सगळं. आत्या हाय हे पण. मग म्हणली, "म्हणजे येळवसला तू माझं कोपर त्याच्यासाठी धरलंस." म्हणलं, त्याच्यासाठी न्हाई, त्याच्यामुळं. "मला त्यात फरक कळत न्हाई मम्मी." ठेवला.

२६ जाने., सोम.

गंगक्कानं निरोप धाडला, घेऊन जावा. त्या दिवशीच्या तमाशापासून लोक बघायला येतात नीलाक्काला, फोटू काढतात.

हे म्हणले, दुसरी जागा बघतो. मी म्हणलं, घरी आणा. "गल्लीला काय सांगू?" म्हणलं, नणंद हाय म्हणून सांगा. गाडी ठरवून घेऊन आले.

जाऊबाई दारात येऊन बघून गेल्या. चहा पण घेतला न्हाई.

८ फेब्रु., रवि.

नीलाक्का माझ्या हातनं जेवते. यांच्या हातनं पण. आम्ही दोघं तिच्याशी बोलतो. एकमेकांशी बोलायचं असलं की पण तिलाच सांगतो. "नीलाक्का, मीठ कमी हाय म्हण." "नीलाक्का, मीठ पुढ्यातच हाय म्हण." ती दोघांना पण व्हय म्हणते.

हे घरी झोपायला आलेत. पुढच्या खोलीत. माझ्या कपाळावर लिहिलंय यांना दिसतंय, की ही माणूस लावते. मी पार्लरला निघाले की मुद्दाम म्हणतात, "नीलाक्का, ही आज कुणाला पाठवणार हाय आपल्या मागं?" मी ऐकून घेते. ऐकून घ्यायचं संपणार कधी, ते कळंना.

एकदा मी पण म्हणले, "नीलाक्का, अजून कितीजण लपवलेत इचार." त्या दिवशी ते जेवले न्हाईत.

२२ फेब्रु., रवि.

हळ्ळीखेडची एक पोरगी आलती, रूपा. मावशी इथली, नवरदेव पण इथला. मेकअपची ट्रायल. मावशी जरा बाजारात गेली. रूपाचं लक्ष सारखं मोबाईलवर. हळद लागायच्या आधी पोरी मोबाईल बघून लाजतात. ही दचकत होती.

विचारलं, काय गं?

"काय न्हाई अक्का. माझ्या अप्पांनी मुलाची चौकशी करायला माणूस लावलाय. हुमनाबादला खोली हाय त्याची. मुलाचं काम झालं, चांगला हाय म्हणून सांगितलं. पण अजून मलाच फोन करतो. अप्पा म्हणतात भला माणूस हाय, काळजी करतोय."

नाव विचारलं. वेगळं सांगितलं. दिसतो कसा विचारलं. ती बोलायच्या आधीच शबानाचा हात थांबला. पोरगी म्हणली, "फार अत्तर लावतो."

स्टेशनला फोन केला. मॅडम सुट्टीवर. दुसरे कुणी म्हणले, मुलीकडच्यांनी तक्रार द्यायला पाहिजे.

मुलीच्या अप्पांना जाऊन सांगायला पाहिजे. ते विचारणार, तुम्हाला कसं माहीत? मग मी, गाणगापूर, फोटू, नीलाक्का, सगळं सांगायचं. नवरदेव याच गावचा. चार दिवसांत दोन्ही तालुक्यांत बोभाटा होईल. पल्लूचं नाव त्यात येईल.

घरी येऊन यांना सांगितलं. आज नीलाक्काला मधी घेतलं न्हाई. सरळ यांना सांगितलं.

हे ताटावर होते. "तिथं अक्काचं नाव घेणार?"

"घ्यावं लागंल. न्हाईतर कोण ऐकंल?"

"आन माझं?"

"तुमचं पण."

हात धुतले. "तुझ्या पापाला माझी बहीण खर्ची घालणार तू." मी म्हणलं, व्हय. दुसरं काय म्हणणार? रूपा पोरीची मान दिसत होती मला सारखी, मोबाईलवर वाकलेली.

मी उद्या पहिल्या हुमनाबाद गाडीनं हळ्ळीखेडला, रूपाच्या अप्पांकडं जायलेय. शबाना येते म्हणली. तिला न्हाई म्हणलं, मग व्हय म्हणलं.

नीलाक्का झोपलीय. हे अजून दारात उभे हायत. पायात चप्पल हाय. कुठं जायलेत ते मी विचारलं न्हाई.